थंड होईपर्यंत

रोज सकाळी सव्वासातला ती अख्खी आळी उठवते.
आठ सिलिंडर, आणि वर तो सुपरचार्जर,
पिठाची गिरणी रिकामी फिरावी तशी शीळ.
पिकल्या रतांब्याचा रंग.
कोल्हापूरच्या कुणा साखरवाल्याच्या पोरानं
हौस फिटल्यावर विकली, मी घेतली,
तेवीस वर्षं जहाजांच्या पोटात इंजिनं सांभाळून
घरी आल्यावर चौथ्या महिन्यात.
"एवढ्यात होडी आली असती," भाऊ म्हणाला.
होडी नको होती. मला हवं होतं
हाताखाली काहीतरी गरम.

काम काय, तर नफीसाला दापोलीच्या दवाखान्यात सोडायचं.
आसूदच्या चढावर पुढे एसटी,
एसटीच्या पुढे आंब्याचा टेंपो,
टेंपोच्या पुढे कुणाचा तरी बैल
ज्याला कुठेच जायचं नाही.
सहाशे घोडे दुसऱ्या गिअरमध्ये
एकमेकांच्या मानेवर श्वास टाकत उभे.
रेडिएटरला वारा लागतो, वाऱ्याला वेग,
वेगाला रस्ता.
रस्ता मंजूर आहे, असं ऐकतो.

काटा मधल्या रेघेवरून उठतो.
मी एसी बंद करतो आणि हीटर लावतो,
हो, मे महिन्यात, पूर्ण हीटर,
इंजिनाची उष्णता आपल्या पायांवर ओढून घेतो.
नफीसा काच खाली करते.
"आमच्या वॉर्डात ज्याला ताप, पट्ट्या त्यालाच.
तुझ्या गाडीचं उलटंच."

जहाजावर सोपं होतं.
समुद्र आत घ्यायचा, समुद्र बाहेर सोडायचा,
नळीच्या पातळ भिंतीपलीकडून गोडं पाणी
आपली ऊब त्याला देऊन टाकायचं.
त्यानं कधी विचारलं नाही, किती अंश.
इथे तो वळणावळणाला दिसतो, माडांच्या फटीतून,
आणि त्यातला पेलाभरही हिला चालत नाही.
विहिरीचंही नको.
गंगाराम रेवाळे, ज्यानं जन्मभर ट्रकांचे रेडिएटर झाळले,
हिच्या नाकात वाकून बघतो.
"दाबलेली हवा तापते रे. हिला दोन तहाना.
एक इंजिनाची, एक श्वासाची."
मग हात पुसतो, पैसे घेत नाही,
फक्त एकदा आवाज ऐकव म्हणतो.

मंगळवारी ती लाल रेघेत गेली.
कठड्याला लावली. वाफ.
काजूच्या बागेतून एक पोरगा बाटली घेऊन धावला,
झाकणाला हात घालणार तेवढ्यात
मी त्याचं मनगट धरलं, आणि तोंडून
इंजिन रूममधला आवाज निघाला.
पोरगा घाबरला. मीही.
माझ्या कोपरापासून वर जी कातडी चकाकते
ती त्याला दाखवली, मग तो शेजारी बसला.

बंद केल्यावर काटा आणखी चढतो.
लोकांना हे खरं वाटत नाही.
पाणी थांबतं, पण लोखंडाला कुणी सांगितलेलं नसतं
की प्रवास संपला.
"तू घरी आलास तेव्हा असाच होतास,"
नफीसा एवढंच म्हणाली, आणि डबा उघडला.
दुपारचे घावणे सकाळी पावणेआठला.
तीन वाटे केले. एसटी कधीच वर पोहोचली होती.
बैल आमच्याकडे बघत होता.

संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू असताना
हरेश्वर चोगल्याच्या बर्फ कारखान्यात गेलो.
"मासा कुठाय?" तो म्हणाला.
मी डिकी उघडली, इंटरकूलरची टाकी दाखवली.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग सुरमईसाठी फोडलेल्या लादीतला चुरा
स्वतःच्या घमेल्यानं आत ओतला. किर्र झालं.
बंदर ते घर, दोन किलोमीटर,
पापलेटाच्या वासाचा गार श्वास घेत
ती इतकी हलकी चालली
की पाय आपोआप पेडलवर जड झाला.
मग उचलला.

दारात बंद केली. पंखा फिरत राहिला.
शेजारचा मुलगा गडग्यावरून ओरडला,
"काका, काहीतरी चालू राहिलंय!"
राहू दे, म्हटलं.