व्यवसायाचा रकाना

कॉर्कच्या कचेरीत पहिल्या पगाराची नोंद करायला गेले
तेव्हा कारकुनानं पेन थांबवलं.
नाचता, ते ठीक. पण काम काय करता?
म्हटलं, तेच.
त्यानं लिहिलं : इतर.

अट्रॅक्टा हेनेबेरी, वय एकोणीस, इतर.

हात अंगाला चिकटवून नाचायला शिकलेली मी.
मादामनं पहिला महिना नुसते माझे हात सोडवले,
गाठ बसलेली सुतळी सोडवावी तसे.

मग ती गळकी बस, गावोगावचे चर्चचे हॉल,
शनिवारच्या नाचासाठी मेण घासून गुळगुळीत केलेल्या फळ्या.
दुपारभर आम्ही त्या सोड्याच्या पाण्यानं खरवडायचो
आणि रात्री त्यांच्यावरच
समुद्रातून वर आलेल्या बायका व्हायचो.

फिनबार गोदीतल्या हमालाचा पोरगा,
घरी सांगायचा, बॉक्सिंगला जातो.
बँट्रीला एकदा त्याचा बाप दिसला, मागच्या भिंतीशी,
टोपी हातात.
बोलला काहीच नाही.
दुसऱ्या दिवशी फिनबारच्या डब्यात दोन अंडी जास्त.

सतरा वर्षांनी डब्लिनहून पत्र आलं. अनुदान बंद.
चार ओळी, सही लागत नव्हती.
झगे पेटाऱ्यात गेले.
चहात बुडवून रंगवलेले बूट मी घरी नेले.

सोमवारी बेकारभत्त्याच्या रांगेत उभी राहिले.
तोच कारकून, आता चष्मा लागलेला.
त्यानं काही विचारलं नाही.
रकान्यात सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहिलं :
नर्तकी.
वर टीपकागद दाबून धरला
जरा जास्तच वेळ.