भिंतीपासून चार पावलं

फरंगीस वही उघडते. तीन रकाने:
साल, ठिकाण, बळी.
खोदादाद चहात खडीसाखर बुडवत म्हणतो,
साल कुठलं विचारतेस, पोरी,
आमच्याकडे माणूस एक तर हादऱ्याच्या आधीचा
नाही तर नंतरचा.
थोरला मामा आधीचा,
म्हणून मी त्याला पाहिलं नाही.
आई नंतरची.
मी जन्मलो तेव्हा जमीन गप्प होती,
त्यामुळे माझं वय कुणालाच धड सांगता येत नाही.

तिने जुनी दफ्तरं चाळलीत.
कुणा कारकुनाची एक ओळ:
या वर्षी सारा माफ, भरणारं कोणी उरलं नाही.
आणि दोन गावांच्या मध्ये
नकाशा शंभर कोस कोरा.
तिथे काही घडलं नाही असं नाही,
तिथे सांगायला कोणी नव्हतं.
टेकडी रात्री सरकली असेल,
सकाळपर्यंत वाऱ्याने तिच्यावर वाळू ओढली असेल,
उंट दचकून उठले असतील
आणि पुन्हा बसले असतील.

तो तिला करीझमध्ये उतरवतो,
डोंगरापासून गावापर्यंत येणाऱ्या भुयारी पाटात,
तिसऱ्या विहिरीतून, दोराने.
पाणी घोट्याएवढं, बर्फासारखं.
कंदील वर धरतो:
हे आजोबांनी खणलं. सुतासारखं सरळ.
आणि इथे बघ,
इथे भुयार हातभर डावीकडे जातं
आणि मग पुन्हा सरळ.
आजोबांचा हात कधी चुकला नाही.

ती भिंतीला बोट लावते.
भेगेत दळलेल्या दगडाचं पीठ,
ओलं, निळसर, लोण्यासारखं मऊ.
हेच डोंगराचं पाणी अडवतं, ती सांगते,
म्हणून ते इथे वर येतं,
म्हणून इथे डाळिंबं, म्हणून इथे गाव.

ठाऊक आहे, तो म्हणतो.
सरकारी माणसं आली होती, म्हणाली, गाव हलवा.
मी विचारलं, कुठे?
जिथे जमीन हलत नाही
तिथे प्यायला काय देता?
ते लिहून घेऊन गेले.

वर येऊन ती लिहिते: हातभर, डावीकडे.
सालाचा रकाना रिकामा ठेवते.

रात्री अंगणात तिचं अंथरूण.
गोलंदाम कंदील विझवायला येते,
काही न बोलता उशी उचलते
आणि भिंतीपासून मोजून
चार पावलांवर ठेवते.