स्वल्पविराम

रबाळे एमआयडीसी, गाळा क्रमांक चौसष्ट.
आम्ही गॅस्केट बनवतो. म्हणजे प्रेस बनवतो,
मी फक्त हिशेब चालू ठेवतो:
एक सर्व्हर, अकरा संगणक
आणि डिस्पॅचच्या टेबलावरचा म्हातारा प्रिंटर,
जो थोपटल्याशिवाय कागद ओढत नाही.

मार्चमध्ये लायसन्सचं पत्र आलं.
केनियाशेठनी आकडा दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"एवढ्यात नवी डाय येते."
मी म्हटलं, दुसरं आहे एक. पैसे पडत नाहीत.
"मग खोट काय त्यात?"
चाळीस वर्षांच्या धंद्यात
बिनपैशाचं असं शेठना
दिवाळीची डायरीच काय ती मिळालेली.

दोन रविवार बसलो,
शटर अर्धं ओढून.
जुना डेटा नव्या घरी नेला
खोका खोका मोजत, काच सांभाळत.
वॉचमन चहा ठेवून म्हणाला, डबल पगार ना?
मी हो म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून.

सोमवारी सगळं चाललं. मंगळवारीही.
बुधवारी कुमुदताई रेगे समोर उभ्या,
हातात इन्व्हॉइस,
शेपटीनं पाल धरावी तसं.
१,२५०,०००.
"साडेबारा लाख असे लिहितात का, घरत?
हा स्वल्पविराम कुठल्या गावचा?"

पूर्वी अशा वेळी एक नंबर फिरवायचो.
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
मग बासरी. पाऊण तास बासरी.
आता नंबर नव्हता.
फक्त सगळं उघडं होतं,
घड्याळजीच्या टेबलावर पडलेल्या घड्याळासारखं.

रात्री शोधत गेलो.
सापडली ती ओळ,
तीन-तीन अंक मोजून टिंबाला शेपूट लावणारी.
तिच्या डोक्यावर एक चिठ्ठी,
कुणा एस्टोनियातल्या इंद्रेकची:
"भारतात वेगळं मोजतात असं ऐकलंय.
कुणी माहीतगार आला तर इथे बघा."
तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

नऊ वर्षं
कुणीतरी दाराला कडी लावली नव्हती.

आमच्या तळवलीला खाडीवर बांध होता.
उधाणानं खांड पडली
की शेत कुणाचं, ते नंतर.
ज्याला दिसेल त्यानं आधी चिखल टाकायचा
आणि मग हाक मारायची.
आज्यानं टाकलेली ढेकळं
आज कुठल्याशा सेक्टरच्या पार्किंगखाली असतील.
त्यांच्यावर सही नव्हती कुणाची.

सात ओळी लिहिल्या.
आधी तीन अंक, मग दोन, मग दोन.
पाठवल्या, आणि घाम आला,
शाळेत फळ्यापाशी बोलावल्यावर यायचा तसा.

उत्तर इंद्रेकचं नव्हतं. तो केव्हाच थकून गेला, कळलं.
लुसिया म्हणून कुणी बघते आता,
नोकरी करून, मुलं निजल्यावर.
तिनं लिहिलं: "छान. एक कोटीही तपासा."
तपासला. कोटी बसला.
अकराव्या दिवशी तिनं माझ्या ओळी आत घेतल्या.

१२,५०,०००.
कुमुदताईंनी कागद उजेडात धरला.
"हां. आता पैसा पैशासारखा दिसतो."
आणि शाई वाळायच्या आत फाइल.

शेठनी विचारलं, दुरुस्तीचे किती झाले?
काहीच नाही, म्हटलं.
ते बराच वेळ प्रेसचा आवाज ऐकत राहिले.
"आणि त्या बाईंचं काय?
फुकटचं खाल्लं तर पचत नाही, घरत."
डायच्या किमतीतून थोडे काढले, पाठव म्हणाले.

"कुठल्या खात्यात घालू?" कुमुदताई.
देणगी? नाही. खरेदी? तीही नाही.
मी सुचवलं ते त्यांनी
भुवई उचलून, पण बिनचूक, टाइप केलं.

या एप्रिलला ऑडिटर त्या ओळीवर
पेन्सिल टेकवून बसलाय.
"बांध-दुरुस्ती?
तुमची कुठे शेती आहे का?"