अकरावी रांग

सेगेडच्या थिएटरात रंगमंचाच्या पोटात
कमरेएवढा खड्डा, त्यात मी, एक दिवा, एक पेन्सिल.
एकोणतीस वर्षं मला नटांचे चेहरे
हनुवटीच्या खालूनच दिसले.
माणसं ओळखायचो ती पायांवरून.

बोद्रोगी माल्विन पहिल्यांदा आली ती
उजव्या बुटाची टाच मोडूनच.
तिसा नदीवरच्या नावाड्याची मुलगी, वय एकवीस,
काम मोलकरणीचं, सात वाक्यं, एक पद.
त्या पदात तिनं लंगडणंच तालात बसवलं
आणि लोकांनी वन्समोअर घेतला.
दुसऱ्या रात्री टाच दुरुस्त होऊन आली.
मॅनेजर म्हणाला, पुन्हा मोड.

मग सोळा हंगाम:
सरदारीणबाईंची दासी, हुसाराची प्रेयसी,
फुलवाली, दुसरी फुलवाली,
सॅटिनच्या सपाता, तांबडे बूट, एका उन्हाळ्यात अनवाणी.
गिरकी घेतली की फळ्यांमधली धूळ
थेट माझ्या चहात.
शिव्या द्यायचो, मनात.
तिला शब्द पुरवायची वेळ यायचीच नाही,
माझ्या आधी ते तिच्या ओठांवर हजर.

एकदाच आली.
फेब्रुवारी होता, तिची आई जाऊन चार दिवस झालेले,
तिसऱ्या अंकात ‘चुंबन’ या शब्दापाशी ती थांबली.
मी शब्द दिला. तिनं घेतला, गायली, टाळी पडली.
आत जाताना माझ्या दिव्यापाशी
फळीवर टाच आपटून गेली.
वाटलं, नटीचा नखरा.

अडतिसाव्या वर्षी गुडघा गेला.
गळा शाबूत होता, पण आमच्या संगीतिकेत
गुडघ्याला गळ्याहून जास्त काम असतं.
तिला आत्याबाईंच्या भूमिका देऊ केल्या,
पंखा, चश्मा, दर प्रवेशाला एक शिंक.
नको म्हणाली. खुर्ची मागितली.

अकरावी रांग, वाटेकडची खुर्ची.
म्हणजे माझ्या पाठीमागे.
आता तिचे पायही दिसेनात,
थर्मासचं झाकण फिरायचं तेवढं ऐकू यायचं,
खोकला, आणि मग, ‘पुन्हा.’
‘हसू नकोस, एमोके. हसू येऊ दे.’
‘पुन्हा.’
स्टेशनच्या प्रवेशात तिनं ट्रंकांमध्ये विटा भरल्या.
नायकाची पाठ धरली, त्यानं युनियनकडे अर्ज केला,
अर्जावर चौकशी बसली, चौकशीला ती
एक वीट हातात घेऊन गेली.
काय बोलली कोण जाणे.
विटा राहिल्या.

रंगीत तालमीला एमोके अडली.
तेच पद, तोच शब्द, पंचवीस वर्षांनी.
मी तोंड उघडलं, इतक्यात पाठीमागून:
‘देझो, गप्प.’
माझं नाव तिला ठाऊक होतं, हे तेव्हा कळलं.
संचालकाची छडी हवेत राहिली,
व्हायोलिनं हनुवटीखाली तशीच.
पोर आपल्या तळव्याकडे बघत होती,
जणू त्यावर कुणी काही लिहून ठेवलंय.
मग ती खाली बसली, शब्द गाळून पुढची ओळ गायली,
गायली कसली, सांगितली.
अकराव्या रांगेत थर्मास उघडला नाही.

त्या फेब्रुवारीत, त्या थांबण्यात
चार दिवसांपूर्वी गेलेली आई होती,
आणि मी तिथं ‘चुंबन’ कोंबलं होतं.

पुढच्या हंगामात माझ्या खड्ड्यावर फळ्या ठोकल्या.
मला विंगेत एक तिवई मिळाली.
तिथून नाकं दिसली, कपाळं दिसली,
नायकाला टक्कल आहे हे दिसलं.
तरी कुणी आलं की नजर आधी पायांवर.

पहिल्या प्रयोगाला शेवटी तिला वर ओढलं.
आली, डावा पाय फरफटत,
पायांत आमच्या गावच्या भरतकामाच्या सपाता.
वाकली. फुलं घेतली, एमोकेला दिली.
मग दोन पावलं पुढे येऊन
नव्या फळ्यांवर टाच आपटली, एकदाच.
खाली कोणी नव्हतं.
मी विंगेतून बघत होतो.