दुसऱ्या खाचेवर

केयोन बंदर, सकाळी सव्वासहा.
सामन कापायच्या शेडमागे मला एक खोली मिळाली आहे,
पूर्वी तिथे रबरी बूट वाळत घालायचे.
मी खुर्ची मांडते. हात नसलेली.
लोकांचे हात मोजायचे, तर खुर्चीला कशाला हवेत,
हा यास्नाचा विनोद, रोजचा.

पावलं जमिनीवर. कोपर काटकोनात, बरगडीला लागून.
मनगट सरळ. दांडा दुसऱ्या खाचेवर, सगळ्यांना तीच खाच.
आवळा. सोडा. एक मिनिट थांबा.
एकेका हाताचे तीन आकडे, शिफ्टच्या आधी,
कारण शिफ्टनंतरचा हात
वेगळ्याच बाईचा असतो.
दाराशी कोमट पाण्याची बादली:
गारठलेली बोटं चार-चार किलो खोटं बोलतात.

पहिल्या हिवाळ्यात बादली नव्हती, यंत्र होतं.
ते पायरीवरून पडलं.
मी उचललं, फुंकर मारली, मोजत राहिले.
त्या आठवड्यात अख्ख्या शेडची ताकद वाढली,
मॅनेजर खूश.
मग वीस किलोचं वजन आणून टांगलं.
काटा तेवीसवर.
वजन मुकाट लटकत होतं.
वजनाला नोकरी जायची भीती नसते.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
एदेल्मिरा ग्वेंतेओनं तिची उघडली, दुरुस्त यंत्रावर:
एकवीस, चौदा, एकोणीस.
सत्तावीस वर्षं सुरी धरलेला हात.
आकडे जुळत नाहीत, म्हणून मी शेजारी लिहिलं,
"पूर्ण जोर लावत नाही."
तिनं कागद उलटा असतानाच वाचला.
"चौदाला दुखलं," म्हणाली.
"एकोणीसला तू माझ्याकडे बघत होतीस."

यास्नाला कुणी सांगितलं नव्हतं,
पण तिच्या वहीत आकड्यांशेजारी
माझे शब्द होते.
रेनान चिगुआय: "अजून! अजून! शाब्बास!"
एदेल्मिरा: "बास, बास, जपून."
पानामागून पान. पुरुषांना अजून, बायकांना बास.
मी वही मिटली. परत उघडली.
यंत्र पडलं तर कळतं तरी, आवाज होतो.

आता एक कार्ड आहे, त्यावर एकच वाक्य.
सगळ्यांना तेच, त्याच पट्टीत,
नजर काट्यावर.

एदेल्मिरा परत आली तेव्हा
सतरा, सतरा, सोळा.
आधीपेक्षा कमी, आणि खरं.
"मग, आता याचं काय करणार?"
डॉक्टरांकडे पाठवणार, म्हटलं. सुरीवरून हलवायला सांगणार.
"हलवतील?"
मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

तिनं उजवा हात झटकला,
रात्री मुंग्या आल्यावर झटकत असेल तसा,
आणि म्हणाली, "ऊठ. बस इथे."
मी खुर्चीत बसले. कोपर काटकोनात.
तिनं कार्ड घेतलं, वाचलं,
ना चढ, ना उतार.
मी आवळलं.
आकडा तिनं सांगितला नाही, नुसता लिहिला.
"एक मिनिट थांबा,"
ती म्हणाली, आणि घड्याळाकडे बघत राहिली.