मामा तलाव

कागदावर होतं : बालके दोन, वय नऊ आणि चार.
आई मयत. बाप रायपूरकडे, पत्ता नाही.
मुलीसाठी भंडाऱ्यात खाट रिकामी,
मुलासाठी नागपुरात.
लाखनी गेल्यावर एसटीत मी हे पुन्हा वाचलं
आणि फाइल मिटली.

सुकराम दिघोरे छातीभर पाण्यात होता,
शिंगाड्याच्या वेलीत.
वर आला, मला बघून आधी टॉवेल शोधला.
उत्पन्न?
"तलाव देते तेवढं, जी."
घरात बाईमाणूस?
"होती. माहेरी गेली. आता येत नाई."
लिहून घेतलं.

मोनालीची वेणी मात्र कुठल्या रकान्यात घालावी?
जाळ्याला मारतात तसली गाठ, पेडापेडाला.
"मामा घालते. शाळा सुटली तरी सुटत नाई.
आईची सुटे."
सांगता सांगता हात मागे नेऊन
तिने चाचपून पाहिली.

रात्री अंशुलच्या पायाला ती दोरा बांधते,
दुसरं टोक आपल्या पायाला.
काऊन गं?
"कोनी नेलं तं मले जाग येईन."
मी चहा भराभर संपवला.
दोरा खुंटीवर होता, निळा, नायलॉनचा.

अंशुलने पाण्याकडे बोट केलं :
"हा बी मामाच हाय."
माजी मालगुजारी तलाव. म्हणून मामा.
मालगुजार गेले, आद्याक्षरं उरली,
त्यातून एका पोराला दोन मामा झाले.
एक उन्हाळ्यात आटतो.
दुसऱ्याचं मला माहीत नव्हतं,
त्याचीच तर चौकशी.

निघताना सुकराम ओंजळभर शिंगाडे देऊ लागला.
घेता येत नाहीत, म्हटलं, नियम आहे.
"बरं जी."
ऑफिसात बॅग उघडली तर तळाशी सात.
काटे फाइलीत घुसलेले,
आणि नागपूरवर ओला, काळपट डाग.

गुरुवारी समितीपुढे
बाबूने पेन उघडत विचारलं,
मग शिफारस? मामाकडेच?

दारातून बाहेरचा बाक दिसत होता.
सुकराम, इस्त्रीचा शर्ट, घडी न मोडलेली,
दोन्हीकडे एकेक पोर.
मोनालीने पाय बाकाखाली ओढला,
तसा अंशुलचाही थोडा ओढला गेला.

हो, म्हटलं. लिहा.