लागू करा

जरीपटक्यात, कूलरमागच्या खोलीत
खोब्रागडे मॅडमनी एक भंगार डबा पुढे सरकवला.
"हा तुझा सर्व्हर. बिघडव बिनधास्त.
दवाखान्याच्या मशीनला मात्र हात नको."

काळ्या पडद्यावर नुसतं टिमटिमणं पाहून
माझे तळवे घामेजायचे,
म्हणून आधी चौकटी, खुणा, बटणं.
वापरकर्ते इथे, पोर्ट तिथे,
आणि खाली उजवीकडे, निळं, शांत:
लागू करा.

तिसऱ्या दिवशी फायरवॉलच्या पानावर
मी सगळंच बंद केलं. किती नीटनेटकं दिसलं!
बटण दाबलं
आणि मीच बाहेर राहिलो,
किल्ली आत विसरून दार ओढून घेतल्यासारखा.

मॅडम हसल्या नाहीत.
"बॅकअप घेतला होता?"
मी कूलरकडे पाहिलं. त्यातलं पाणीही संपलं होतं.
"मंग काय करून राह्यला होता, बाप्पा?"

त्यांनी डब्यालाच कीबोर्ड जोडला,
एक फाईल उघडली, बोट ठेवलं.
"हे बघ. तुझी खूण इथे येऊन बसली."
एवढीच ओळ. बाजारयादीतल्या ओळीएवढी.

आता दाबण्याआधी प्रत काढतो, तारीख टाकतो.
एका वेळी एकच बदल.
मग खाली डोकावतो,
बटणानं माझ्या नावावर काय लिहिलं ते वाचायला.

काल दवाखान्याच्या मशीनवर माझं खातं उघडलं,
फक्त बघण्यापुरतं.
तिथे ते बटण राखाडी आहे,
दाबलं तरी दबत नाही.

बरं वाटलं.